वजा कर्नाटक

बजाजनगरात कुणी सर्च करत नसे, सर्च मारत असे. "मॅडम, जरा एक सर्च मारा," म्हणत माणूस काउंटरला रेलायचा आणि खिशातून घडी घातलेली चिठ्ठी काढायचा. चिठ्ठीत काय निघेल याचा नेम नसायचा. आयटीआयचा निकाल, मूळव्याधीवरचा झाडपाला, दुबईतल्या नोकरीचा पत्ता, मेव्हण्यासाठी पाहिलेल्या मुलीच्या गावची माहिती. सहा कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक कुरकुरणारा पंखा आणि मी. नवऱ्याला कंपनीनं घरी बसवलं त्या वर्षी आम्ही हा सायबर कॅफे टाकला आणि सगळ्यांच्या हातात मोबाईलवर नेट आलं तेव्हा बंद केला. आता त्या गाळ्यात मोबाईलची कव्हरं मिळतात.

संपादकांनी मला 'तंत्रज्ञानाच्या क्षेत्रातले अनुभव' लिहायला सांगितलं आहे. मी तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात होते हे मला त्यांच्याकडूनच कळलं. मी लोकांच्या चिठ्ठ्या वाचायचे आणि त्यातले नको ते शब्द गाळायचे. धंदा एवढाच.

लोकांना वाटायचं, आत कुणीतरी मोठा साहेब बसलाय आणि त्याला नीट विनंती केली की तो उत्तर देतो. एक रिटायर्ड मुख्याध्यापक यायचे. त्यांना पेन्शनचा कुठलासा फॉर्म हवा होता. खुर्ची ओढून बसले आणि सांगायला लागले, "लिहा. माननीय महोदय, मी खाली सही करणार..." मी नुसतं 'पेन्शन फॉर्म' आणि खात्याचं नाव टाकलं. फॉर्म आला, पण गुरुजींचा चेहरा पडला. "असं एकदम अंगावर जाऊ नये हो," म्हणाले. तेव्हा मी हसले होते. आता माझी नात मोबाईलला तोंड लावून अख्खी वाक्यंच्या वाक्यं विचारते, वर 'प्लीज' म्हणते, आणि तिला उत्तरही मिळतं. म्हणजे गुरुजी काळाच्या पुढं होते आणि मी मागं.

पण आमच्या वेळी यंत्राला काही कळत नव्हतं. ते फक्त शब्दाला शब्द जुळवायचं. म्हणून मी भिंतीवर कागद चिकटवला होता: 'प्रश्न सांगू नका. उत्तरात कोणते शब्द असतील ते सांगा.' माझी सगळी विद्या त्या एका कागदात होती. तुम्हाला हवं ते पान कुठल्यातरी माणसानं लिहिलेलं असतं. तो काय लिहील याचा विचार करायचा. 'माझ्या बायकोचं अर्धंच डोकं का दुखतं' असं पान कुणी लिहीत नाही. डॉक्टर 'अर्धशिशी' लिहितो. तो शब्द टाका, पुढचं काम यंत्र करतं. गिऱ्हाईक हा कागद वाचायचं, मान डोलवायचं, आणि मग पहिल्यापासून आपला प्रश्न सांगायला लागायचं.

दुष्काळाच्या वर्षांत तर विचारू नका. शहर वाळूजच्या बाजूला सुटलं होतं. रोज एक नवं लेआउट, त्यांना नावं 'लेक व्ह्यू' न् 'रिव्हर व्हॅली', आणि नळाला आठवड्यातून एकदा हवा. लेक कुठला, ते मी बराच सर्च मारून बघितलं. लोक टँकरवाल्यांचे नंबर शोधायला यायचे. इंग्रजीत 'टँकर' टाकलं की समुद्रातली तेलाची जहाजं निघायची. एका प्लॉटवाल्यानं स्वतःच 'बोअर' टाकलं आणि कंटाळा घालवायचे दहा उपाय वाचत बसला. "मॅडम, हे व्यायाम करायला सांगतंय," म्हणाला. "करा," मी म्हटलं, "दुपारी टँकर आला की कळशा उचलायच्याच आहेत."

मी मुळात चिडकी. पण माझी खरी चीड होती कन्नडवर. म्हणजे आमच्या कन्नड तालुक्यावर नव्हे. तिथली निम्मी पोरं बजाजनगरात खोल्या करून राहायची, वाळूजच्या कंपन्यांत जायची, आणि माझी पक्की गिऱ्हाइकं होती. त्यांना कन्नडचं काही हवं असलं की संकट. बाजार समितीचे भाव हवेत, कन्नड टाका, बंगळूरचे सिनेमे. तलाठ्याचा नंबर हवाय, कन्नड टाका, कर्नाटकातल्या नट्या. पोरांची नट्यांना हरकत नसायची, वेळ मात्र त्यात जायचा. वर ते यंत्र खाली मान घालून विचारायचं, 'तुम्हाला कन्नडा म्हणायचंय का?' नाही म्हणायचं रे बाबा. घाट उतरायच्या आधी एस्टी थांबते, सोमवारी बाजार भरतो, ते कन्नड म्हणायचंय.

मग मला वजाचं चिन्ह सापडलं. शब्दाच्या आधी चिकटून वजा टाकलं की तो शब्द असलेली सगळी पानं यंत्र बाजूला काढतं. मी इंग्रजी अक्षरांत टाकलं: कन्नड, वजा कन्नडा, वजा कर्नाटक. पडदा स्वच्छ झाला. बाजार समिती, तलाठी, साखर कारखाना, सगळं ओळीनं उभं. सीमाभागातल्या गावांसाठी दोन राज्यं इतकी वर्षं भांडताहेत. मी एका बोटानं अख्खं राज्य वजा केलं होतं. याची इतकी हवा झाली की कन्नडची पोरं एकमेकांना सांगायची, "दुसऱ्या कॅफेत नको जाऊ, तिथं बंगळूर निघतं." मला गर्व झाला होता. लपवत नाही.

दिलीप त्यातलाच. कन्नडजवळच्या खेड्यातला, कंपनीत प्रेस मशीनवर कामाला, शांत पोरगा. त्याचे वडील नामदेव आबा पाणाड्या होते. हातात लिंबाची दुबेळकी, दोन फाट्यांची काडी धरून शेतातून चालायचं, काडी वाकली की तिथं बोअर घ्यायचा. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण दुष्काळात लोक माझ्याकडं कमी आणि आबांकडं जास्त जायचे, हे खरं. त्या उन्हाळ्यात दक्षिणेकडून बोअर मारणाऱ्या गाड्या आल्या होत्या. त्यातली एक गाडी परत जाताना आबांना सोबत घेऊन गेली, तेलंगणातल्या गावांमधून पाणी दाखवायला. पंधरा दिवसांत येतो म्हणून गेलेले आबा आलेच नाहीत.

गाडीवाल्यानं फोनवर सांगितलं, म्हातारा एका ढाब्यावर उतरला, ऊन लागल्यासारखं वाटतं म्हणाला, आम्हाला वाटलं घरी गेला असेल. आठवड्यानं त्याच गाडीवाल्यानं आणखी एक गोष्ट सांगितली. त्याच सुमाराला त्या रस्त्यावर एक अनोळखी म्हातारा ट्रकखाली गेला होता आणि पोलिसांनी बेवारस म्हणून त्याचे अंत्यसंस्कार केले होते. दिलीप तिकडं जाऊन आला. पोलिसांकडं एक फोटो होता, पण त्यात ओळखण्यासारखं काही उरलं नव्हतं.

भावकीनं ठरवून टाकलं, तेच आबा. दर्भाचा पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा, दिवस घालायचे. गावात लग्नं खोळंबली होती, सुतकाचं काय ते एकदा मिटवा, असं आबांचे धाकटे भाऊ म्हणत होते. आड आली ती आबांची बायको, कौसाबाई. ती कपाळावरचं कुंकू पुसायला तयार होईना.

तिला मी पहिल्यांदा पाहिलं ते दिलीपबरोबर दुकानात आली तेव्हा. उंच, सुकी बाई, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. खुर्चीवर बसली नाही. उभ्याउभ्याच म्हणाली, "बाई, दिलीप म्हंतो तुमच्या मशिनीत समद्या दुनियेचं लिवलेलं असतं."

"असतं, बरंचसं."

"मग येकडाव बघा. माणूस कुठं दवाखान्यात असंल, कुणी ठिवून घेतला असंल, तर त्याचं लिवलेलं असंल ना? तुम्ही न्हाई म्हणलात तर म्या न्हाई म्हनते. मग करू द्या त्यास्नी काय करायचं ते."

मी तिला सांगायला हवं होतं की बाई, एवढी मोठी गोष्ट माझ्यावर टाकू नका. पण मी 'कन्नडवाल्या मॅडम' होते. मी म्हटलं, "तीन दिवस द्या."

तीन दिवस मी दुसरं काम घेतलं नाही. हरवलेल्या माणसांच्या याद्या, बेघरांचे निवारे, तेलंगणातले सरकारी दवाखाने, नामदेवची चार स्पेलिंगं, आडनावाची तीन. आबांचं नाव कुणाला कळलं नसलं तरी गाव तर सांगितलं असेल, म्हणून प्रत्येक शोधात कन्नड. आणि कन्नड आलं की माझी बोटं आपोआप पुढं जायची: वजा कन्नडा, वजा कर्नाटक. विचार करावा लागत नव्हता. चौथ्या दिवशी कौसाबाई आली. मी खुर्ची फिरवून तिच्याकडं बघितलं आणि दुकानदाराच्या ठाम आवाजात म्हणाले, "नेटवर नाहीत ते. असते तर मला सापडले असते."

 ती "बरं" म्हणाली आणि निघून गेली. त्या आठवड्यात गावात पुतळा जाळला.

पुढं पावसाळा नुसता नावाला आला आणि गेला. बसवराज नावाचा एक फिटर धारवाडकडून बदली होऊन आला होता, संध्याकाळी गावाकडचं वर्तमानपत्र वाचायला माझ्याकडं बसायचा. एक दिवस मी फोनवर कुणाला तरी सांगत होते, "नाही हो, तो मुलगा कन्नडचा आहे." बसवराजनं कॉम्प्युटरमागून डोकं बाहेर काढलं. चेहरा फुललेला.

"मॅडम, कौन कन्नड? मैं भी कन्नड."

मी म्हटलं, "वो कन्नड नहीं. कन्नड गाँव है."

"गाँव?" तो म्हणाला. "कन्नड तो भाषा है, मॅडम. कोई बोलेगा मैं कन्नड, तो हम तो अपना आदमी समझेगा."

माझ्या हातातला फोन तसाच राहिला. पलीकडचा माणूस हॅलो हॅलो करत होता.

तेलंगणातल्या दवाखान्यात एक आजारी म्हातारा. नर्स विचारते, कुठले तुम्ही? तो म्हणतो, कन्नड. ती नर्स काय लिहील? कन्नड नावाचा तालुका असतो हे तिला कुठून ठाऊक असणार? भिंतीवरचा माझा कागद जगाला शिकवत होता की लिहिणारा काय लिहील याचा विचार करा. तो विचार मी एकदाही केला नव्हता. उलट आबा जिथं असण्याची शक्यता होती, नेमकी तेवढीच पानं मी निवडून निवडून वजा केली होती.

मी खुर्चीत बसले. दोन्ही वजा काढले. अनोळखी, वृद्ध पुरुष, भाषा कन्नडा, पत्ता सांगता येत नाही. तिसऱ्या पानावर म्हैसूरच्याही पलीकडच्या एका निवाऱ्याची यादी निघाली. फोटोत दाढी वाढलेली होती, तोंड एका बाजूला किंचित ओढलेलं. खाली इंग्रजीत लिहिलं होतं: 'कन्नडभाषक. कन्नडमध्ये बोललेलं समजत नाही, बहुधा कमी ऐकू येतं. मानसिक स्थिती ठीक नसावी. लिंबाच्या झाडाची काडी मोडून घेतो आणि ती दोन्ही हातांत धरून दिवसभर आवारात फिरतो.'

बसवराजनंच निवाऱ्याला फोन लावला, त्यांच्या भाषेत बोलला, आणि बोलता बोलता रडायला लागला. मी दिलीपच्या कंपनीच्या गेटवर पळाले. चप्पल घालायची राहिली, हे गेटवरच्या वॉचमननं सांगितलं तेव्हा कळलं.

सगळा उलगडा नंतर झाला. उन्हानं आबांना झटका आला होता, वाचा गेली होती, आणि परत आली तेव्हा पहिल्यांदा एकच शब्द आला. कन्नड. दवाखान्यातल्या भल्या माणसांनी म्हटलं, याला याच्या लोकांत पोचवू. कुणीतरी खर्च केला, कुणीतरी सोबत गेलं, आणि आबांना त्यांच्या 'लोकांत' नेऊन सोडलं. वाईट कुणीच वागलं नव्हतं. वाईट झालं ते माझ्या हुशारीनं, आणि मला त्याची आजही लाज वाटते.

दिलीप त्यांना घेऊन आला तो आधी दुकानातच. आबा खुर्चीवर बसले आणि बायकोचं, गावाचं काही विचारायच्या आधी म्हणाले, "नीरु." "पाणी मागतायत," दिलीप म्हणाला, "तिकडं तसंच मागावं लागायचं." एवढ्या महिन्यांत आबा थोडंफार कन्नड शिकले होते.

मी त्यांना सगळं सांगितलं. वजाचं, पुतळ्याचं, मी काय म्हणाले त्याचं. आबा अडखळत बोलायचे, पण डोकं शाबूत होतं. म्हणाले, "पानी न्हाई असं पाणाड्यानं कवा म्हनू नाय. मला लागलं न्हाई, असं म्हनावं." मग तोंडाच्या चांगल्या बाजूनं हसले. "म्या तिथं दोन जागा दावल्या. त्यांनी डॉक्टर बोलावला."

मला वाटलं, संपलं. चुकीची दुरुस्ती झाली. पण पंधरा दिवसांनी कौसाबाई एकटीच आली. कन्नडहून जीपनं, मग सिटी बसनं, विचारत विचारत. कपाळ मोकळं होतं. या वेळी खुर्चीवर बसली.

गावात वाद पेटला होता. आबांचे भाऊ म्हणत होते, ज्याचे दिवस घातले तो गेला, आता घरात घ्यायचा तर विधी करून घ्या. कुणी म्हणे आधी बारसं करा. कुणी म्हणे पुन्हा लग्न लावा. कुणी म्हणे, आपल्या हातानं पुसलेलं कुंकू बाईला परत लावता येत नाही, नवऱ्याला भोवतं. हे शेवटचं कौसाबाईच्या मनात रुतलं होतं. आबा कपाळाकडं बघून काही बोलायचे नाहीत, पण बघायचे, असं ती म्हणाली.

"बाई, त्या मशिनीत बघा. नवरा परत आला तर कुकू लावता येतं का. काय लिवलंय तेवढं सांगा. माझं काय बी व्हऊ दे, त्यांना कमीजास्त नाय झालं पायजे."

मी शब्द टाकले. मला उभ्या आयुष्यात इतका नेमका रिझल्ट मिळाला नव्हता. पहिल्याच ओळीला, मराठीत, कुठल्याशा शास्त्रीबुवांचं अख्खं पान. मृत समजून ज्याचा विधी झाला तो परतल्यास काय करावं, बारसं, मुंज, पुन्हा विवाह, आणि हे होईपर्यंत पत्नीनं काय काय वर्ज्य करावं, आणि न केल्यास पतीला काय होतं, ते क्रमवार. मी ते वरपासून खालपर्यंत दोनदा वाचलं. कौसाबाईला वाचता येत नव्हतं. पण मी किती वेळ वाचत होते ते तिनं बघितलं असणार.

"काय म्हंतंय?"

"काही नाही," मी म्हटलं. "याच्याबद्दल नेटवर काहीच नाही."

"नीट बघा. मागल्या बारीला बी असंच म्हनला होतात."

मी तिच्या डोळ्यांना डोळा दिला. कसा दिला, माझं मला माहीत. "नीट बघितलंय," मी म्हणाले. "दोनदा."

ती पडद्याकडं बघत राहिली, शास्त्रीबुवांच्या त्या लांबलचक पानाकडं. मग माझ्याकडं. मग पिशवीत हात घालून तिनं कुंकवाची डबी काढली. म्हणजे ती घेऊनच आली होती.

"आरसा हाय का?" तिनं विचारलं.

दुकानात आरसा नव्हता. मी मॉनिटरचं बटण दाबलं. पडदा काळा झाला आणि त्यात तिचा चेहरा दिसायला लागला. ती पुढं सरकली, बोट डबीत बुडवलं, आणि त्या काचेत बघत सावकाश कुंकू लावलं, आधी होतं तेवढंच मोठं. मग माझ्याकडं तोंड फिरवून म्हणाली,

"मधोमध आलंय का, बघा."